ओहोटीची वही

वसईच्या किल्ल्यापासून अर्नाळ्यापर्यंत किनाऱ्यानें जाणाऱ्याला वाळू दिसते, गाळ दिसतो आणि मधूनमधून काळा खडकही लागतो. वाळूवर मंडळी संध्याकाळीं फिरावयास येतात. खडकाकडे मात्र पाय घसरण्याच्या भीतीनें सहसा कोणी वळत नाहीं. श्रोतेहो, आज ज्या कामाविषयीं बोलावयाचें आहे तें नेमकें या खडकावरचें आहे: तेथील जीवांची नोंद साध्या नागरिकांनीं, विनामोबदला पण नेमानें ठेवण्याचें.

भरती-ओहोटीच्या मधला खडक म्हणजे एक प्रकारची चाळच होय. दिवसांतून दोनदां तो पाण्याखालीं जातो व दोनदां उघडा पडतो. ज्याला ऊन आणि कोरडेपणा सोसतो तो भाडेकरू वरच्या मजल्यावर; तेथें बारीक गोगलगाई दाटीनें चिकटलेल्या असतात. मधल्या मजल्यावर कालवें. आणि अगदीं तळाशीं, जेथून पाणी फार थोडा वेळ हटतें, तेथें समुद्रफुलें, स्पंज, खेकडे, क्वचित् प्रवाळ. मैलापाणी वाढलें किंवा खडकावर गाळ बसला, कीं ही मांडणी बदलूं लागते. पण ती बदलली हें कळावें कसें? काल काय होतें हें कोणीं लिहूनच ठेवलें नसेल, तर आज काय गेलें हें दाखवितां येत नाहीं.

मुंबईस याचा अनुभव आला. २०१७ सालीं प्रदीप पाताडे, सिद्धार्थ चक्रवर्ती आणि अभिषेक जमालाबाद यांनीं ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा उपक्रम सुरू केला. ओहोटीच्या वेळीं नागरिकांना घेऊन हाजी अली, जुहू अशा ठिकाणीं जावयाचें, जीवांचीं छायाचित्रें घ्यावयाचीं आणि स्थळकाळासह तीं ‘आयनॅचरलिस्ट’ या सार्वजनिक संग्रहांत ठेवावयाचीं, अशी रीत. ज्या किनाऱ्याला लोक उकिरडा समजत, तेथें शेंकडों जाती सांपडल्या. पुढें सागरी रस्त्याचें काम निघालें तेव्हां प्रवाळाचा प्रश्न उभा राहिला. कारण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टांत दगडी प्रवाळ येतें. मुंबई उच्च न्यायालयानें जुलै २०१९ मध्यें रस्त्याची किनारा-परवानगी रद्द केली. त्याच डिसेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें निकालास स्थगिती दिली व काम चालू झालें. २०२० सालीं मार्गांतील प्रवाळ उचलून दुसरीकडे बसविण्यांत आलें. नोंदींनीं रस्ता थांबला नाहीं, हें खरें. पण येथें कांहींच नव्हतें, असें आतां कोणाला म्हणतां येणार नाहीं.

पालघर जिल्ह्याच्या तर हा प्रश्न दाराशीं आहे. डहाणूजवळ वाढवण येथील मोठ्या बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजीं झाली. तेथील किनारा खडकाळ, आणि मच्छीमारांचा बंदराला विरोध जुना. बाजू कोणतीही घ्या, आधींची वही दोघांनाही लागेल.

ही वही ठेवावयास विद्वत्ता नको. वेळ मात्र साधावी लागते. कोळी बांधवांचा हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली कीं भरतीचा तास येतो. चतुर्थीला तीन वाजतां पूर्ण भरती, आणि त्यानंतर सुमारें सहा तासांनीं ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पाणी सर्वांत दूर हटतें, तें पहांटे पांच-सहाला व पुन्हां सायंकाळीं. एक ठराविक खडक निवडावा, त्यावर अर्ध्या मीटरची चौकट ठेवावी, आंतील जीव मोजावे, तारीख-वेळ लिहावी. उचललेला दगड पुन्हां होता तसाच ठेवावा. त्याच्या खालचे जीव उन्हांत तगत नाहींत. आणि एकट्यानें जाऊं नये, भरती पाठीमागून येते.

माझी स्वतःची पहिली वही फुकट गेली. उत्साहाच्या भरांत जें जें सुंदर दिसलें तें तें लिहिलें. वेळ लिहिली नाहीं, आणि जें दिसलें नाहीं तें तर मुळींच नाहीं. कालवें फोडणाऱ्या एका कोळणीनें सहज विचारलें, पावसाळ्याआधीं या दगडावर कालवें किती होतीं? मला सांगतां येईना. तिला येत होतें. दुसऱ्या वहीचें पहिलें पान मीं तिच्या सांगण्यावरून लिहिलें.