बिघडलेल्या हार्ड डिस्कमधील माहितीची पुनर्प्राप्ती : महाविद्यालयीन शिक्षकांसाठी काही सूचना

प्रस्तावना
धार येथे १९०३ मध्ये एक शिला सापडली. परमार राजा अर्जुनवर्मा याचा राजगुरू मदन याची 'पारिजातमंजरी' ही चार अंकी संस्कृत नाटिका तिच्यावर कोरलेली आहे. परंतु तिचे पहिले दोनच अंक तेथे मिळतात. उरलेले दोन अंक दुसऱ्या शिलेवर असावेत, असे अभ्यासक मानतात. ती शिला मिळाली नाही आणि नाटिकेची दुसरी प्रतही ज्ञात नाही. दगडावरील अक्षर टिकाऊ खरे, पण प्रत एकच असेल तर तेही अपुरे पडते.

आज धार-देवासच्या महाविद्यालयांतील गुणपत्रके, शिष्यवृत्तीचे अर्ज, प्रबंधांची टिपणे आणि पवार संस्थानांच्या काळातील घरगुती मोडी कागदांची छायाचित्रे अनेकदा एकाच हार्ड डिस्कवर असतात. ती बंद पडल्यास काय करावे, याचा विचार या लेखात केला आहे.

बिघाडाचे दोन प्रकार
हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय लेप असलेल्या तबकड्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेऱ्यांच्या वेगाने फिरतात. वाचन करणारे शीर्ष त्यांच्यापासून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असते. धुळीचा कणही या अंतराहून कितीतरी मोठा असतो.

पहिला प्रकार तार्किक बिघाडाचा. फाइल चुकून पुसली जाते किंवा अनुक्रमणिका खराब होते. साधारणतः फाइल पुसली म्हणजे तिची नोंद तेवढी रद्द होते. त्या जागी नवे काही लिहिले जाईपर्यंत मूळ मजकूर तसाच राहतो. एसएसडीमध्ये मात्र रिकामी झालेली जागा बहुधा लवकरच साफ केली जाते, म्हणून तेथे आशा कमी असते.

दुसरा प्रकार भौतिक बिघाडाचा. टकटक किंवा घासल्यासारखा आवाज येत असेल तर वीज ताबडतोब बंद करावी. प्रत्येक वेळी पुन्हा सुरू करून पाहताना शीर्ष तबकडी खरवडण्याचा धोका वाढतो.

काय करावे
१. त्या डिस्कवर काहीही लिहू नये; पुनर्प्राप्तीचे सॉफ्टवेअरही तिच्यावर टाकू नये.
२. डिस्क शांतपणे चालत असेल तर आधी तिची संपूर्ण प्रतिकृती दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. 'डीडीरेस्क्यू' ही मोफत प्रणाली सुस्थितीतील भाग प्रथम वाचते व खराब भागाकडे नंतर वळते.
३. त्यानंतर 'टेस्टडिस्क' किंवा 'फोटोरेक' यांचा वापर केवळ प्रतिकृतीवर करावा.
४. डिस्क दुरुस्त करण्याची आज्ञा प्रतिकृती घेण्यापूर्वी देऊ नये. त्या आज्ञेने मूळ नोंदी बदलतात.

काय करू नये
डिस्क घरी उघडू नये. ते काम धूळविरहित कक्षातच होते. डिस्क फ्रीजमध्ये ठेवण्याचा उपाय सांगितला जातो, पण त्याने आत दव साचते. केवळ सर्किटची पट्टी बदलूनही बहुधा भागत नाही, कारण त्या विशिष्ट डिस्कची जुळणी नोंदवणारी चिप पट्टीवरच असते. इंदूर जवळ असल्याने डिस्क तेथे दुरुस्तीला देणे सोपे आहे. तथापि तिच्यात विद्यार्थ्यांची खाजगी माहिती असते. म्हणून गोपनीयतेची लेखी हमी आधी घ्यावी.

एक उदाहरण
१ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया हे अंतराळयान कोसळले. त्यातील ४०० मेगाबाइटची एक डिस्क काही महिन्यांनी कोरड्या तळ्याच्या पात्रात सापडली. बाहेरचे भाग जळाले होते, आत धूळ शिरली होती. पण तबकड्या वाकल्या नव्हत्या. तज्ज्ञांनी तिच्यातील सुमारे ९९ टक्के माहिती मिळवली आणि त्यावर आधारलेला शोधनिबंध २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. तबकडी शाबूत असेल तर आशा असते, हे यावरून दिसते. मात्र लेपच खरवडला गेला असेल तर कोणीही तो मजकूर परत आणू शकत नाही.

समारोप
पुनर्प्राप्ती हा शेवटचा उपाय आहे. महत्त्वाच्या माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक दुसऱ्या ठिकाणी असावी. विजेच्या चढउतारांपासून बचावासाठी यूपीएस वापरावा. प्रत घेतल्यावर ती उघडते की नाही, हेही दर सत्रात पाहावे. विद्यार्थ्याच्या शिष्यवृत्तीचा अर्ज हरवला तर त्याचे वर्ष वाया जाऊ शकते. म्हणून प्रत ठेवणे हा शिक्षकाच्या कर्तव्याचाच भाग मानला पाहिजे.