कॉलबॅक क्वेरी (टेलिग्राम बॉट)

कॉलबॅक क्वेरी ही टेलिग्राम या संदेशवहन सेवेतील बॉटच्या संदेशाखाली दिसणारे बटण दाबल्यावर बॉटकडे पोहोचणारी सूचना होय. टेलिग्रामने बॉटची सुविधा जून २०१५ मध्ये सुरू केली; संदेशाला जोडलेली अशी बटणे एप्रिल २०१६ मध्ये आली. पायथन भाषेत असे बॉट लिहिताना बटण दिसते, पण दाबल्यावर काहीच घडत नाही, ही नेहमीची अडचण आहे. तिची कारणे बहुधा पुढीलपैकी असतात.

कार्यपद्धती

प्रत्येक बटणावर वाचकाला दिसणारे शीर्षक असते आणि त्यामागे न दिसणारा 'कॉलबॅक डेटा' असतो. बटण दाबताच हा डेटा टेलिग्रामच्या सर्व्हरमार्फत बॉटकडे जातो. बॉटने त्याची पोच देणे आवश्यक असते. पोच मिळेपर्यंत वापरकर्त्याला प्रतीक्षेची खूण दिसत राहते. शीर्षक आणि डेटा या भिन्न गोष्टी आहेत, हे ध्यानात ठेवले की पुढील बरेच दोष सहज उलगडतात.

सामान्य दोष

* पोच न देणे: काम पूर्ण होऊनही प्रतीक्षेची खूण हटत नाही. पोच फार उशिरा दिल्यास क्वेरी जुनी झाल्याची त्रुटी येते. म्हणून आधी पोच द्यावी, वेळखाऊ काम नंतर करावे.
* 'अवेट' विसरणे: 'पायथन-टेलिग्राम-बॉट' या संग्रहात २०व्या आवृत्तीपासून कार्ये असमकालिक आहेत. 'अवेट' न लिहिल्यास पोच देणारे कार्य प्रत्यक्षात चालतच नाही.
* नमुना न जुळणे: हँडलरला दिलेला नमुना डेटाशी ताडला जातो, शीर्षकाशी नव्हे.
* सूचनांचा प्रकार वगळणे: स्वीकारावयाच्या सूचनांच्या यादीत कॉलबॅक क्वेरी नसल्यास ती बॉटपर्यंत येत नाही. नवी यादी न दिल्यास पूर्वीचीच लागू राहते.
* दोन प्रती चालू असणे: एकाच टोकनवर दोन ठिकाणी बॉट चालवून सूचना मागवल्यास ४०९ क्रमांकाची त्रुटी येते.
* तोच मजकूर पुन्हा देणे: संपादित संदेश मूळ संदेशासारखाच असल्यास विनंती नाकारली जाते.

देवनागरी मजकूर आणि ६४ बाइटची मर्यादा

कॉलबॅक डेटा १ ते ६४ बाइटचा असावा लागतो. यूटीएफ-८ पद्धतीत रोमन अक्षराला १ बाइट लागतो, तर देवनागरीतील प्रत्येक वर्ण, मात्रा, अनुस्वार, हलन्त व अंक यांना प्रत्येकी ३ बाइट लागतात. त्यामुळे देवनागरीची २१ चिन्हे होताच मर्यादा जवळपास संपते.

उदाहरणार्थ, गोंदिया जिल्ह्यातील आठ तालुक्यांसाठी धान खरेदीची माहिती देणारा बॉट केला आणि डेटात तालुक्याचे नाव, विसर्गासारखे रोमन चिन्ह व 'धान खरेदी' हे शब्द ठेवले, तर 'देवरी'साठी ४१, 'सडक अर्जुनी'साठी ५७ आणि 'अर्जुनी मोरगाव'साठी ६६ बाइट होतात. देवरीचे बटण एकटे तपासल्यास ते व्यवस्थित चालते. परंतु आठही बटणे एकत्र पाठवताच एका दीर्घ नावामुळे संपूर्ण संदेश नाकारला जातो व कोणत्याच तालुक्यातील शेतकऱ्याला माहिती मिळत नाही. पायथनमधील लांबी मोजणारे कार्य येथे केवळ २४ सांगते, कारण ते चिन्हे मोजते, बाइट नव्हे. बाइटसंख्येसाठी मजकूर आधी यूटीएफ-८मध्ये रूपांतरित करून मोजावा लागतो.

'ऱ' हे अक्षर युनिकोडमध्ये एका चिन्हाने, किंवा 'र' आणि नुक्ता अशा दोन चिन्हांनी लिहिता येते. दोन्ही रूपे सारखी दिसत असली तरी तुलनेत भिन्न ठरतात व नमुना जुळत नाही.

या दोन्ही अडचणींवरील उपाय एकच आहे: शीर्षक मराठीत ठेवावे, डेटात मात्र रोमन अक्षर-अंकांचा छोटा संकेत ठेवावा आणि संकेतावरून नाव शोधण्याची सारणी प्रोग्रॅममध्ये राखावी.

हेही पाहा

* टेलिग्राम
* पायथन (आज्ञावली भाषा)
* युनिकोड
* देवनागरी