संगणकाचे फासे खोटे पडतात का?

फाशांच्या खेळात हरणाऱ्याला स्वतःच्या चालीपेक्षा फाशांचाच संशय अधिक येतो. शकुनीच्या फाशांची कथा लहानपणापासून ऐकणाऱ्या मराठी माणसाला हे वेगळे सांगावे लागत नाही. सारीपाटावर निदान फासे डोळ्यांसमोर पडतात. शंका आली तर ते हातात घेऊन पाहता येतात. संगणकावरील खेळात मात्र दान टाकणारा, ते मोजणारा आणि समोर बसून खेळणारा एकच असतो. त्यामुळे ‘संगणक हवे ते दान पाडून घेतो’ ही तक्रार जगभर ऐकू येते. आपल्याकडे मोबाइलवर लुडो खेळणाऱ्यांच्या तोंडीही ती असतेच.

या तक्रारीची शहानिशा करायची तर ज्याची अंतर्रचना कोणालाही तपासता येईल असा खेळ हवा. ‘जीएनयू बॅकगॅमन’ हा तसा खेळ आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरसाठी जाहीर केलेल्या ‘जीएनयू’ प्रकल्पाचा तो भाग आहे. गॅरी वाँग यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस त्याचा पाया घातला आणि पुढे निरनिराळ्या देशांतील हौशी प्रोग्रामरांनी तो वाढवला. तो विनामूल्य मिळतोच. शिवाय त्याची मूळ आज्ञावली कोणीही वाचू शकतो, बदलू शकतो आणि पुढे वाटू शकतो.

खेळ कसा आहे?

बॅकगॅमन हा इराणमधील प्राचीन ‘नर्द’ या खेळाच्या कुळातील आहे. सारीपाट ठाऊक असलेल्याला तो लवकर उमगतो. पटावर २४ निमुळती घरे असतात. दोन खेळाडूंकडे प्रत्येकी १५ सोंगट्या असतात आणि त्या परस्परविरुद्ध दिशांनी चालतात. दोन फाशांच्या दानाप्रमाणे सोंगट्या पुढे सरकवून जो त्या सर्वांत आधी पटाबाहेर काढील तो जिंकतो. एखाद्या घरात एकटी सोंगटी सापडली तर प्रतिस्पर्धी ती मारू शकतो. दोन किंवा अधिक सोंगट्या असल्या तर ते घर त्याला बंद होते.

दान येते कोठून?

संगणक प्रत्यक्षात काहीच फेकत नाही. एका आकड्यावर ठराविक गणिती क्रिया करून तो पुढचा आकडा काढतो, त्यावरून त्याच्या पुढचा. जीएनयू बॅकगॅमनमध्ये यासाठी ‘मर्सेन ट्विस्टर’ ही पद्धत वापरली जाते. माकोतो मात्सुमोतो आणि ताकुजी निशिमुरा या जपानी गणितज्ञांनी ती १९९८ मध्ये प्रसिद्ध केली. आकड्यांची ही मालिका पुन्हा पहिल्यापासून सुरू होण्यापूर्वी जितके आकडे निघतात, ती संख्या लिहिण्यासाठी ६,००२ अंक लागतात. कितीही डाव खेळले तरी मालिका संपण्याची भीती नाही.

परंतु आकडे उत्तम असले म्हणून दान प्रामाणिक पडेलच असे नाही. समजा, संगणकाने २५६ आकड्यांमधून एक निवडला आणि त्यावरून फाशाची सहापैकी एक बाजू ठरवली. २५६ ला सहाने भाग जात नाही, चार उरतात. मग चार बाजूंच्या वाट्याला ४३ आकडे येतात आणि दोन बाजूंच्या वाट्याला ४२. फासा किंचित का होईना, वाकडा झाला. घरगुती प्रोग्राममध्ये ही चूक सहज राहून जाते.

मर्सेन ट्विस्टर ४,२९,४९,६७,२९६ आकड्यांमधून एक आकडा देतो. येथेही सहाने भागल्यावर चार उरतात. त्यामुळे जीएनयू बॅकगॅमनच्या आज्ञावलीत शेवटच्या चार आकड्यांपैकी एखादा निघाला तर तो टाकून नवा घेण्याची तरतूद आहे. उरलेल्यांचे सहा समान भाग होतात. चारशे कोटींहून अधिक आकड्यांतील चारांनी पडणारा फरक एकाही खेळाडूला जन्मभरात जाणवला नसता. तरीही तो काढून टाकला आहे, आणि तसा तो काढला आहे हे आज्ञावली उघडून पाहता येते.

दान काढणाऱ्या या भागाला पटावर कोणाची सोंगटी कोठे आहे याची माहिती पुरवलीच जात नाही. मालिकेचा पहिला आकडा, म्हणजे तिचे ‘बीज’, खेळाडू स्वतः ठरवू शकतो. बीज तेच ठेवले तर दानांचा क्रमही तोच येतो. याहून सोपी सोय म्हणजे खरे फासे स्वतः टाकून त्यांवरील आकडे संगणकाला सांगता येतात.

मग संशय का येतो?

याचे उत्तर गणितात आहे. दोन फाशांची ३६ प्रकारची दाने पडू शकतात. आपली एकटी सोंगटी प्रतिस्पर्ध्यापासून सहा घरे दूर असेल, तर त्यांपैकी १७ दानांनी ती मारली जाते. ती एकच घर दूर असेल, तर केवळ ११ दानांनी. कसलेला खेळाडू आपली सोंगटी उघडी ठेवताना हा हिशेब करतो आणि पुढील वेळी जास्तीत जास्त दाने आपल्या उपयोगी पडतील अशी मांडणी करतो. मग कोणतेही दान पडो, ते त्याला ‘हवे तेच’ पडल्यासारखे दिसते.

हे कौशल्य संगणकाने स्वतःशीच खेळून मिळवले. आयबीएमचे संशोधक जेराल्ड टेसॉरो यांचा ‘टीडी-गॅमन’ हा प्रोग्राम १९९२ मध्ये पुढे आला. त्याच्या नंतरच्या आवृत्तीने स्वतःविरुद्ध १५ लाख डाव खेळून पटावरील स्थितीचे मोल ओळखण्याची दृष्टी मिळवली. जीएनयू बॅकगॅमन त्याच परंपरेतील आहे. लबाडी न करताही तो बहुतेक माणसांना हरवतो.

नशिबाचा वाटा अर्थात राहतोच. मोंटे कार्लो येथे १९७९ मध्ये हान्स बर्लिनर यांच्या ‘बीकेजी ९.८’ या प्रोग्रामने नुकतेच जगज्जेते झालेले इटलीचे लुइजी व्हिला यांना ७-१ असे हरवले होते. सामन्याचे विश्लेषण केल्यावर दाने संगणकाच्या बाजूने पडली आणि खेळ व्हिला यांचाच सरस होता, हे बर्लिनर यांनी स्वतःच मान्य केले. जीएनयू बॅकगॅमन असा हिशेब डाव संपल्यावर मांडून देतो. प्रत्येक दानाने कोणाचा किती लाभ झाला आणि प्रत्येक चुकीने कोणाचे किती नुकसान झाले, हे त्यात वेगवेगळे दिसते.

या प्रोग्राममध्ये लबाडीचीही उघड सोय आहे. क्रम बदलूनही तेच राहणारे दान एकच धरले तर दाने २१ प्रकारची होतात. त्यांपैकी कितव्या क्रमांकाचे चांगले दान कोणाला पडावे, हे ठरवता येते. ही सोय मुळात बंद असते. ती मुद्दाम सुरू करून खेळल्यास खरी लबाडी कशी दिसते ते कळते.

विश्वासाचा प्रश्न

भारतात २०२५ मध्ये संसदेने पैशांवरील ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. पैसा नसला तरी दानाच्या प्रामाणिकपणाचा प्रश्न उरतोच. ज्या खेळांची आज्ञावली बंद आहे, त्यांतील फासे खोटे असतात असा याचा अर्थ नव्हे. ते खरे आहेत की खोटे, हे खेळणाऱ्याला आज्ञावली वाचून ठरवता येत नाही. कंपनीच्या शब्दावर विसंबावे लागते. जीएनयू बॅकगॅमनमध्ये कोणाच्याही शब्दावर विसंबण्याची गरज नाही.

आज्ञावली वाचता न येणाऱ्यालाही एक मार्ग मोकळा आहे. घरातील दोन फासे घ्यावेत, दोन्ही बाजूंची दाने आपणच टाकावीत आणि आकडे संगणकाला सांगावेत. तरीही संगणकच वारंवार जिंकू लागला, तर दोष फाशांचा नाही एवढे निश्चित होते.