चाकांवरचे बिऱ्हाड

'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' असे आपण थट्टेने म्हणतो. अमेरिकेत मात्र अनेक माणसे खरोखरच आपले बिऱ्हाड चाकांवर घेऊन राहतात. कोणी प्रवासाच्या हौसेने, तर कोणी घरभाडे परवडत नाही म्हणून. २००८ च्या मंदीनंतर गाडीत संसार थाटून हंगामी कामे करीत हिंडणाऱ्या वयस्कर माणसांची हकीगत जेसिका ब्रूडर यांनी 'नोमॅडलँड' (२०१७) या पुस्तकात सांगितली आहे.

अशा बिऱ्हाडासाठी काही जण सामान वाहणारा जुना, बंद बॉडीचा ट्रक घेतात. त्याच्या भिंती सरळ असतात, कोपरे काटकोनी असतात आणि आत माणूस ताठ उभा राहू शकतो. त्यामुळे सुतारकाम सोपे जाते. पण ही पेटी खोक्यांसाठी केलेली असते. खोकी श्वास घेत नाहीत आणि त्यांना थंडीही वाजत नाही! माणसांना तिच्यात राहायचे, तर आधी विज्ञानाचे काही प्रश्न सोडवावे लागतात.

समजा, आपली पेटी ५ मीटर लांब, २.३ मीटर रुंद आणि २.२ मीटर उंच आहे. तिच्यात सुमारे २५ घनमीटर हवा मावते. सहाही बाजूंचे क्षेत्रफळ सुमारे ५५ चौरस मीटर भरते. या दोन संख्या लक्षात ठेवा.

पत्र्याची भिंत

पत्र्याच्या घरात दुपारी किती उकडते आणि थंडीत पहाटे किती गारठते, हे ज्याने अनुभवले आहे त्याला पहिला प्रश्न लगेच कळेल. ॲल्युमिनियम हा उष्णतेचा उत्तम वाहक आहे. पॉलियुरेथेनच्या फेसाळ तक्त्यापेक्षा तो हजारो पटींनी अधिक उष्णता वाहून नेतो. बाहेर शून्य अंश आणि आत २० अंश सेल्सिअस तापमान राखायचे असेल, तर नुसत्या पत्र्याच्या पेटीला सहा हजार वॅटहून अधिक उष्णता सतत पुरवावी लागेल. आतून ५ सेंटिमीटर जाडीचा तक्ता बसवला, की हिशेब सुमारे ५५० वॅटवर येतो.

येथे एक गोम आहे. पत्र्याला आधार देणाऱ्या धातूच्या पट्ट्या उघड्या राहिल्या, तर उष्णता त्यांच्यातून निसटते. म्हणून त्यांच्यावरूनही आवरण घालावे लागते.

भिंतींना घाम

आता रात्रीचा विचार करू. झोपलेला माणूस श्वासावाटे आणि त्वचेवाटे तासाला साधारण ४० ग्रॅम पाणी हवेत सोडतो. दोन माणसांचे आठ तासांचे पाणी झाले ६४० ग्रॅम. पण २० अंशांची एक घनमीटर हवा फार तर १७ ग्रॅम बाष्प सामावून घेते. म्हणजे आपल्या पेटीतली सारी हवा मिळून सुमारे ४३० ग्रॅम. उरलेले पाणी जाणार कुठे? ते थंड पत्र्यावर थेंबांच्या रूपाने साचते. खरे तर हवा पूर्ण संपृक्त होण्याची वाटही ते पाहत नाही. मग लाकूड कुजते, बुरशी धरते आणि लोखंड गंजते. म्हणूनच रोधक तक्ता पत्र्याला घट्ट चिकटवतात, म्हणजे दमट हवा पत्र्यापर्यंत पोचत नाही.

तरीही हवा खेळती हवीच. बाहेरच्या शून्य अंशाच्या हवेत घनमीटरला फार तर ५ ग्रॅम बाष्प असते. तीच हवा आत तापली, की ९ ग्रॅमपर्यंत बाष्प घेऊनही ती सुखद वाटते. म्हणजे प्रत्येक घनमीटर हवा ४ ग्रॅम पाणी बाहेर नेते. तासाला ८० ग्रॅम बाहेर काढायचे, तर २० घनमीटर ताजी हवा लागेल. छतातला एक लहान पंखा हे काम सहज करतो.

न दिसणारा शत्रू

सगळ्या फटी बुजवून आत शेगडी पेटवायची, ही चूक मात्र जिवावर बेतू शकते. प्राणवायू अपुरा पडला, की इंधन अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. झोपलेल्या माणसाला धोक्याची जाणीवही होत नाही. म्हणून पेटी उबदार ठेवण्यासाठी असा हीटर वापरतात, की जो ज्वलनासाठी बाहेरची हवा घेतो आणि धूरही बाहेरच सोडतो. शिवाय या वायूची चाहूल लागताच घंटा वाजवणारे यंत्र आत बसवतात.

वजन आणि वीज

दोनशे लिटर पाणी म्हणजे दोनशे किलो वजन! टाकी उंचावर किंवा एका कडेला ठेवली, तर वळणावर ट्रक कलंडण्याचा धोका वाढतो. म्हणून टाकी खाली आणि चाकांच्या आसाजवळ बसवतात.

विजेचाही हिशेब करावा लागतो. १२ व्होल्टच्या, १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीत १,२०० वॅट-तास ऊर्जा साठते. पाच वॅटचे चार दिवे पाच तास जाळले, तर अवघे १०० वॅट-तास खर्च होतात. पण १,५०० वॅटची विजेची शेगडी तीच बॅटरी तासाभराच्या आत रिकामी करील. म्हणूनच अशा घरांत दिवे आणि पंखे सौरऊर्जेवर चालतात, स्वयंपाक मात्र बहुधा गॅसवर होतो.

करून पाहा

पत्र्याचे दोन सारखे डबे घ्या. एकाला आतून सर्व बाजूंनी आणि झाकणालाही थर्माकोल लावा. दोन्ही डबे झाकून उन्हात ठेवा आणि दर दहा मिनिटांनी आतले तापमान नोंदवून आलेख काढा. नंतर डबे सावलीत आणून पुन्हा नोंदी घ्या. कोणता डबा लवकर तापला? कोणता लवकर निवला? या दोन आलेखांवरून, राहण्यासाठी कोणती पेटी बरी ते तुमचे तुम्हीच ठरवा.