महतारी कोणाची?

रायपूरमध्ये तेलीबांध्याच्या व्हीआयपी चौकातला छत्तीसगढ महतारीचा पुतळा २६ ऑक्टोबर २०२५ला फोडलेला सापडला. राज्याच्या रौप्यमहोत्सवाला आठवडाही उरला नव्हता. पोलिसांनी एकाला पकडलं, नवा पुतळा लगोलग बसला. पण प्रकरण मिटलं नाही. निषेधाच्या भाषणांत अग्रसेन महाराज आणि झुलेलाल यांना ओढलं गेलं आणि त्यांना पूज्य मानणारे अग्रवाल-सिंधी समाज रस्त्यावर उतरले. तोडफोड बाजूला राहिली. ‘छत्तीसगढिया’ विरुद्ध ‘परदेसिया’, म्हणजे इथला विरुद्ध बाहेरचा, हा जुनाच वाद नव्याने पेटला.

एका हातात धानाच्या लोंब्या, दुसऱ्यात विळा, असं महतारीचं म्हणजे या भूमीच्या आईचं रूप जागोजागी दिसतं. तिला सरकारी कार्यक्रमांच्या मंचावर मानाने बसवलं ते भूपेश बघेल यांच्या काँग्रेस सरकारने. २०१९मध्ये ‘अरपा पैरी के धार’ राज्यगीत झालं (कवी नरेंद्र देव वर्मा हे बघेलांचे सासरे, पण गाणं त्याआधीच लोकांच्या तोंडी होतं). २०२२च्या कामगार दिनी बोरे-बासीचं आवाहन झालं. पाण्यात भिजवलेला भात, कांदा, हिरवी मिरची हे शेतमजुराचं जेवण. ते जेवतानाचे फोटो मोठमोठे अधिकारी हौसेने टाकू लागले. त्यांतले किती जण दोन मेलाही बासीच जेवले, देव जाणे.

भाजप सत्तेवर आला, पण त्याने महतारीला हात लावला नाही. मार्च २०२४पासून पात्र विवाहित महिलांच्या खात्यात दरमहा १,००० रुपये येऊ लागले, योजनेचं नाव ‘महतारी वंदन’. माझ्या मते ही चाल पुतळ्यांहून भारी होती. काँग्रेसने महतारी चौथऱ्यावर चढवली. भाजपने ती थेट बँकेच्या पासबुकात नेली.

छत्तीसगढी भाषेच्या वाट्याला एवढी चढाओढ आलेली नाही. २००७पासून ती राजभाषा आहे, पण राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत अजून नाही.

या वादात रायपूरच्या मराठी माणसाची मात्र पंचाईत होते. मुंबईत तो भूमिपुत्र, इथे नावावरून ‘बाहेरचा’ ठरू शकतो. पण माधवराव सप्रेही मराठी घरातलेच होते. १९००मध्ये त्यांनी पेंड्र्याहून मासिक काढलं ते हिंदीत, आणि त्याचं नाव ठेवलं ‘छत्तीसगढ मित्र’. तेव्हा हे राज्य जन्मायला अजून शंभर वर्षं होती.