दुष्काळात वाढलेली केडगावची मंडळी

पुणे-दौंड गाडीने जाताना केडगावला उतरून पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन बघाच! १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतातून निराधार मुली पुण्याला घेऊन आल्या. त्यातच पुण्यात प्लेग शिरला आणि केडगावच्या माळावरच साऱ्यांचा संसार मांडावा लागला. पुढे गुजरातच्या दुष्काळातल्या मुली आल्या, संख्या दोन हजारांच्या घरात गेली. प्रार्थना होतीच, पण शेती, विणकाम, छपाईही होती (मला तर हेच जास्त भावतं). १९०५ च्या सुरुवातीला रोजच्या प्रार्थनेला सत्तर जणी बसायच्या, जूनपर्यंत साडेपाचशे! त्याच महिन्याअखेर तिथे मोठं आध्यात्मिक संजीवन (रिव्हायव्हल) झालं. रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून केलेलं मराठी बायबलही इथल्याच बायकांनी छापलं. शेजारच्या शिरूरला अमेरिकन मराठी मिशन मात्र १८४१ पासूनच होतं. त्यावर पुढची पोस्ट.