मोजून ओरडणारी चकती

अमेरिकेतल्या घरांत छताला बसवलेली अलार्मची पांढरी चकती मोजून ओरडते. धूर लागला की अर्ध्या अर्ध्या सेकंदाचे तीन बीप, दीड सेकंद शांतता, पुन्हा तीन. कार्बन मोनॉक्साइड साठला तर चार तोकडे, घाईचे बीप आणि मग पाच सेकंद गप्प. कंपनी कुठलीही असो, ठेका हाच.

धुराच्या अलार्मच्या एका प्रकारात अमेरिसियम-२४१ या किरणोत्सारी धातूचा कण असतो. त्यामुळे आतल्या हवेतून किंचित वीज वाहत राहते. धुराचे कण शिरले की ती घटते आणि भोंगा वाजतो. या धातूचे अर्धायुष्य ४३२ वर्षांचे, तरी चकती मात्र १० वर्षांनी बदलायची, कारण बाकीचे भाग थकतात आणि आत धूळ बसते. फोडणीवर किंचाळतो तो बहुधा हाच प्रकार. दुसरा प्रकार धुरावरून विखुरलेला प्रकाश टिपतो. धुमसत्या गादीचा धूर तो लवकर ओळखतो.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. त्याचा अलार्म प्रमाणासोबत वेळही पाहतो: हवेच्या दहा लाख भागांत ४०० भाग वायू असेल तर ४ ते १५ मिनिटांत वाजतो; ७० भाग असेल तर एक ते चार तास थांबतो. म्हणून तो वाजला आणि आपल्याला काहीच जाणवत नाही, तेव्हा यंत्र खोटे ठरवू नये.

दर मिनिटाला एकदा येणारी चिवचिव म्हणजे बॅटरी संपत आल्याची खूण. ती बऱ्याचदा नेमकी पहाटे सुरू होते, कारण गारठ्यात बॅटरीचा विद्युतदाब उतरतो. वैतागून बॅटरी काढून ठेवणे हा शुद्ध वेडेपणा. नवी घातल्यावरही आवाज थांबला नाही, तर यंत्राचे आयुष्य बहुधा संपले असे समजावे.

नेहमीचा आवाज सुमारे ३००० हर्ट्झचा, म्हणजे बराच तीक्ष्ण. उतारवयात कान आधी असेच उंच स्वर गमावतात, आणि गाढ झोपलेली मुलेही त्याने उठतीलच असे नाही. ५२० हर्ट्झचा खर्जातला आवाज त्यांना अधिक खात्रीने जागे करतो.

आपल्याकडे हे अलार्म घरात क्वचितच दिसतात, पण बंद बाथरूममधला गॅस गिझर कार्बन मोनॉक्साइड सोडू शकतो. गिझर बाहेर, मोकळ्या हवेत बसवून घ्या. आणि अमेरिकेत मुलांकडे राहायला गेलात, चार बीप ऐकू आले, तर कारण शोधत बसू नका. आधी सगळ्यांना घराबाहेर काढा.